लोकमान्य डॉल्फी राजमान्य झाला का?

फिलिपिन्समध्ये 'राष्ट्रीय कलाकारां'ची नवी यादी आली की एक प्रश्न हमखास वर येतो: विनोदी नट डॉल्फीचं नाव यंदाही नाही? २०२२ साली आठ नावं जाहीर झाली. त्यांतली तीन चित्रपट आणि प्रसारण विभागातली होती: अभिनेत्री नोरा औनोर, पटकथाकार रिकी ली आणि दिग्दर्शिका मारिलू दियाझ-आबाया. डॉल्फी त्यातही नव्हता. ज्या माणसाच्या निधनानंतर राष्ट्राध्यक्षांनी १३ जुलै २०१२ हा दिवस राष्ट्रीय स्मरणदिन म्हणून जाहीर केला, त्याला देशाचा सर्वोच्च कलासन्मान का नाही?

'राजकारण, दुसरं काय' हे झटपट उत्तर अर्धंच खरं आहे. बाकीचं अर्धं त्याच्या विनोदात दडलेलं आहे, आणि तेच जास्त रंजक आहे.

आधी हे सांगा, हा डॉल्फी कोण?

रोदोल्फो वेरा किसोन. जन्म २५ जुलै १९२८, मनिलाच्या तोंदो भागात. तोंदो म्हणजे बंदरालगतची, दाटीवाटीची कष्टकरी वस्ती. वडील जहाजावर यंत्रांचं काम करायचे, आई शिवणकाम करायची. दहा भावंडांत हा दुसरा. लहानपणी तो चित्रपटगृहांत शेंगदाणे आणि कलिंगडाच्या खारवलेल्या बिया विकायचा. त्यात चार पैसे मिळायचेच, शिवाय चित्रपट फुकट बघायला मिळायचा. पुढे बूटपॉलिश, बाटल्यांच्या कारखान्यात बाटल्या निवडणं, गोदीत हमाली, घोडागाडी हाकणं असं मिळेल ते केलं. गरिबाची भूमिका करताना त्याला कुणाचं निरीक्षण करायला जावं लागलं नाही.

त्याच्या तारुण्यात युद्ध आलं. जानेवारी १९४२ मध्ये जपान्यांनी मनिला घेतलं आणि अमेरिकी चित्रपट बंद झाले. तोवर मनिलाची चित्रपटगृहं मुख्यतः हॉलिवूडवर चालत होती. पडदा रिकामा, खुर्च्या रिकाम्या. मालकांनी मग तिथेच रंगमंचावर कार्यक्रम सुरू केले. या कार्यक्रमांना म्हणतात बोदाबिल: नाच, गाणी, जादू, कसरती आणि मध्ये मध्ये विनोदी प्रवेश, असा मिश्र खेळ. अमेरिकी अमदानीत, १९२०च्या दशकापासून तो लोकप्रिय होताच. आता करमणुकीला दुसरं काही उरलंच नाही, त्यामुळे कलाकारांची मागणी एकदम वाढली. डॉल्फी त्या गर्दीत शिरला तो कोरसमधला नाच्या म्हणून, 'गोलाय' हे नाव घेऊन. तेव्हा त्याचं वय तेरा-चौदापासून सतरापर्यंतचं.

बोदाबिलची तालीम फार कठोर. आज नाचायचं, उद्या कुणी आलं नाही तर प्रवेशात उभं राहायचं. प्रेक्षक समोर, हशा नाही आला तर लगेच कळतं. तिथे पुगो आणि तोगो ही जोडी गाजत होती. त्यांचा एक प्रवेश फिलिपिन्समध्ये अजून सांगितला जातो. जपानी सैनिक लोकांची मनगटी घड्याळं हिसकावून घेत. या दोघांनी जपानी वेशात रंगमंचावर येऊन बाह्या वर केल्या, तर दोन्ही हातांवर घड्याळंच घड्याळं. एक शब्दही न बोलता हशा. त्यापायी त्यांना तुरुंगाची हवा खावी लागली. विनोदात हत्यार कुठे लपवायचं, हे डॉल्फीची पिढी अशा शाळेत शिकली.

जोडी कशासाठी लागते?

१९५२ साली तोगो वारला. पुगो त्या काळचा मोठा विनोदवीर. त्याने डॉल्फीला रेडिओवर सोबत घेतलं आणि साम्पागिता पिक्चर्स या बड्या स्टुडिओचं दारही त्याच्यासाठी उघडलं. त्याआधी १९४६ मध्ये 'दुगो नांग बायान' या चित्रपटात डॉल्फी किरकोळ भूमिकेत दिसून गेला होता, पण खरी सुरुवात १९५३ च्या 'सा इसांग सुल्याप मो, तिता'पासून. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तो नायकाचा विनोदी मित्र.

जोडीचा हिशेब मात्र त्याने पुढे पांचितो आल्बाबरोबर पक्का केला. सोंगाड्या एकटा उभा राहिला तर त्याला प्रेक्षकांकडेच बघून बोलावं लागतं. समोर कुणी मख्खपणे ऐकणारा, चिडणारा, अडवणारा असला की विनोदाला टप्पा मिळतो. भिंतीवर चेंडू मारायचा तर भिंत पक्की हवी, तसं. पांचितो ही ती भिंत. तो रागावायचा, डोळे वटारायचा, धाकात ठेवू बघायचा. डॉल्फी निरागस चेहऱ्याने आणखी एक पाऊल पुढे टाकायचा. एखादं इंग्रजी गाणं घेऊन शब्दाला शब्द ठेवत ते तागालोग या तिथल्या भाषेत उतरवायचं, हा त्यांचा हुकमी प्रवेश. ओळीगणिक अर्थाचा बट्ट्याबोळ आणि पांचितोचा पारा चढत जाणारा.

अशा प्रवेशात बिघडतं कुठे? समोरचा कलाकार स्वतः हसला की खेळ संपतो. किंवा दोघांनाही हशा हवा झाला की संपतो. पांचितोने वर्षानुवर्षं हशा दुसऱ्याच्या पदरात टाकला, ही काही साधी गोष्ट नाही. १९६४ ते १९७२ 'बुहाय आर्तिस्ता' या टीव्ही मालिकेत ही जोडी दर आठवड्याला घराघरांत दिसली: सिनेमात नाव काढायला धडपडणारे दोन फाटके.

दोन सोंगं आणि एक वाद

१९५४ साली 'जॅक अँड जिल' आला. मार्स रावेलोच्या चित्रकथेवरून. बहीण पुरुषी, भाऊ बायकी. बहिणीच्या भूमिकेत लोलिता रोद्रिगेझ, भाऊ डॉल्फी. चित्रपट तुफान चालला आणि डॉल्फीवर शिक्का बसला: बाकला भूमिका करणारा नट. बाकला हा फिलिपिन्समधला रोजच्या वापरातला शब्द आहे. बायकी वागण्या-बोलण्याचा, बहुधा समलिंगी पुरुष, असा त्याचा ढोबळ अर्थ.

मधल्या काळात त्याने विडंबनाची लाट अंगावर घेतली. जेम्स बाँडची हवा होती, तर १९६५ मध्ये 'डॉल्पिंगर' आणि 'डॉ. येस'. १९६६ च्या 'जेम्स बॅटमॅन'मध्ये तर जेम्स बाँडही तोच आणि बॅटमॅनही तोच! हक्क, परवानगी वगैरे भानगडीत तेव्हा कुणी पडत नव्हतं. हे चित्रपट आज बघताना कथेपेक्षा त्यातला बिनधास्तपणा आवडतो.

पण वादाचं मूळ आहे १९६९ चा 'फासिफिका फालायफाय'. मुलगी हवी असलेली आई धाकट्या मुलाला मुलीसारखं वाढवते. तो मोठा होतो, लचकत मुरडत वावरतो, आणि शेवटी एका मुलीच्या प्रेमात पडून 'पुरुष' होतो. प्रेक्षक लोटपोट. १९७३ मध्ये त्याचा पुढचा भागही निघाला.

हे झालं पहिलं सोंग. दुसरं सोंग गरिबाचं, त्याच्याकडे नंतर येऊ.

समीक्षक आणि प्राध्यापक निकानोर तिओंगसन हे डॉल्फीला राष्ट्रीय कलाकार करण्याच्या विरोधात होते. त्यांचा आक्षेप अगदी मुद्द्याचा होता. पहिलं सोंग समलिंगी असणं म्हणजे विकृती आणि उथळपणा असं दाखवतं, बाईच्या एका चुंबनाने ती 'बरी' होते असं सुचवतं. दुसरं सोंग गरिबी हसण्यावारी नेतं, नशीब उघडेल या भरवशावर माणसाला बसवून ठेवतं. लोकप्रियता खरी, पण तिने लोकांना काय शिकवलं, असा त्यांचा सवाल.

'फासिफिका'पुरता हा आक्षेप खोडून काढता येत नाही. तो चित्रपट आज लावला तर बऱ्याच जागी अवघडल्यासारखं होतं. पण डॉल्फी १९६९ मध्ये थांबला नाही, आणि इथे आक्षेप तोकडा पडतो.

१९७८ साली लिनो ब्रोका या दिग्दर्शकाने 'आंग ताताय काँग नानाय' केला. नावाचा अर्थ 'माझा बाबा, माझी आई'. ब्रोका तेव्हाचा सगळ्यात धारदार दिग्दर्शक, झोपडपट्टी आणि शोषण हे त्याचे विषय. कोरिंग नावाचा बाकला ब्यूटी पार्लर चालवतो. त्याचा प्रियकर आपला लहान मुलगा त्याच्याकडे टाकून अमेरिकी नौदलात निघून जातो. कोरिंग त्या पोराला वाढवतो. पोर आपल्यासारखं होऊ नये म्हणून पुरुषासारखं वागायचा प्रयत्न करतो. तो प्रयत्न विनोदी आहे आणि बघवतही नाही. मग पोराची खरी आई, आता पैसेवाली, परत येते.

हाव-भाव तेच, आवाजाची तीच लकब, पण हशा आता कोरिंगवर येत नाही, त्याच्या कोंडीवर येतो. आणि ही किमया फक्त डॉल्फीच करू शकत होता, कारण त्याचं नाव पाहून माणसं बायकापोरांसह तिकीट काढत. समलिंगी पालकत्वावरचा चित्रपट १९७८ मध्ये कुण्या गंभीर नटाला घेऊन काढला असता, तर त्या कुटुंबांनी तो पाहिलाच नसता. आधीच्या 'थिल्लर' भूमिकांनी जमवलेला प्रेक्षक इथे कामी आला.

त्यापुढचं टोक २००० साली आलं. गिल पोर्तेस दिग्दर्शित 'मार्कोवा: कम्फर्ट गे'. वॉल्टर डेम्पस्टर धाकटा, ऊर्फ वॉल्टरिना मार्कोवा, ही खरी व्यक्ती. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैनिकांनी तिच्यावर लैंगिक गुलामी लादली होती. चित्रपट आला तेव्हा ती हयात होती. म्हाताऱ्या मार्कोवाच्या भूमिकेत डॉल्फी, आणि तरुणपणीच्या दोन टप्प्यांवर त्याचेच मुलगे, एरिक आणि जेफ्री. ब्रसेल्सच्या स्वतंत्र चित्रपट महोत्सवात या तिघांना मिळून अभिनयाचं पारितोषिक मिळालं. ज्या जपानी अमदानीत गोलाय नाचत होता, त्याच काळाची ही दुसरी बाजू. डॉल्फीचं वय तेव्हा ७२.

आणि गरिबाचं सोंग?

सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फेर्दिनांद मार्कोस यांनी लष्करी कायदा लावला. एबीएस-सीबीएन वाहिनी बंद पाडण्यात आली आणि तिच्याबरोबर 'बुहाय आर्तिस्ता'ही. १९७३ मध्ये आरपीएन या वाहिनीवर, आदिंग फर्नांडो यांच्या लेखन-दिग्दर्शनात 'जॉन एन मार्शा' सुरू झाली. ती चालली १९९० पर्यंत, म्हणजे १७ वर्षं.

रचना अगदी साधी. जॉन पुरुन्तोंग गरीब. बायको मार्शा, म्हणजे नीदा ब्लांका, श्रीमंताघरची, पण माहेर सोडून नवऱ्याच्या खोपटात राहायला आलेली. सासू दोन्या देलिला, म्हणजे बोदाबिलमध्येच तयार झालेली देली आताय-आतायान. ती दागिन्यांनी मढून यायची, सोबत चिरक्या आवाजाची मोलकरीण मातुतिना. यायचं, जावयाचा उद्धार करायचा आणि जाताना बजावायचं, 'म्हणून सांगते जॉन, कष्ट कर, पुढे ये!' हे वाक्य अख्ख्या देशाच्या तोंडी बसलं. जॉन घालायचा ती गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी तिथे आजही 'पुरुन्तोंग' म्हणूनच ओळखली जाते. पात्राचं आडनाव कपड्याला चिकटणं, ही लोकप्रियतेची पावती कुठल्याही टीआरपीपेक्षा मोठी.

तिओंगसन यांचा दुसरा आक्षेप इथे तपासावा. जॉन सासूचा पैसा घेत नाही, हा त्याचा स्वाभिमान मालिकेचा कणा आहे. गरिबाला लाचार दाखवलेलं नाही. पण जॉन गरीब का राहिला, कष्ट करूनही वर का आला नाही, हे मालिका कधी विचारत नाही. 'कष्ट कर' म्हणणारी सासू हास्यास्पद आहे खरी, पण तिला उत्तर कुणी देत नाही. लष्करी कायद्याखाली ते देता आलं असतं का, हा प्रश्न वेगळा. घड्याळवाला प्रवेश करणाऱ्या पिढीकडून थोडी जास्त अपेक्षा ठेवावीशी वाटते, एवढं म्हणायला हरकत नाही.

१९९२ ते २००३ या काळात आलेली 'होम अलाँग दा रिलेस' या बाबतीत एक पाऊल पुढे आहे. केविन कोस्मे विधुर, पदरात पोरं, घर रेल्वेच्या रुळांना लागून. गाडी आली की घर थरथरतं, भांडीकुंडी खडखडतात, जो तो हाताला लागेल ते धरून ठेवतो. अशा वस्त्या मुंबईकरांना समजावून सांगायला नकोत. विनोदाचं साधन इथे घराची जागाच आहे, त्यामुळे प्रत्येक हशाबरोबर ती जागा दिसत राहते.

सन्मान दिलाच नाही, असं म्हणता येईल का?

नाही. १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे यांनी 'ऑर्डर ऑफ द गोल्डन हार्ट' हे पदक सुरू केलं. (हे तेच मॅगसेसे. विनोबा भावे, बाबा आमटे, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना मिळालेला पुरस्कार त्यांच्याच नावाचा.) समाजसेवा आणि दानधर्मासाठी असलेल्या या पदकाची सर्वोच्च श्रेणी राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो तिसरे यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये डॉल्फीला दिली. त्याच वर्षीच्या मेट्रो मनिला चित्रपट महोत्सवात तो एकाच वेळी सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता ठरला: 'फादर जेजेमोन' आणि 'रोसारियो' या चित्रपटांसाठी. वय ८२!

मग जे राष्ट्राध्यक्ष पदक देऊ शकतात ते राष्ट्रीय कलाकार का करू शकत नाहीत? कारण पदक त्यांच्या हातातलं आहे, तो किताब नाही.

किताब कसा ठरतो?

मार्कोस यांनी १९७२ मध्ये तो सुरू केला. पहिला मान चित्रकार फेर्नांदो आमोर्सोलो यांना, तोही मरणोत्तर. नावं मागवली जातात. त्या त्या कलेतले जाणकार दोन फेऱ्यांत ती चाळतात. मग राष्ट्रीय संस्कृती आयोग आणि फिलिपिन्सचं सांस्कृतिक केंद्र या दोन संस्थांची मंडळं एकत्र बसून यादी पक्की करतात आणि राष्ट्राध्यक्षांकडे धाडतात. घोषणा ते करतात. मानकऱ्याला निवृत्तिवेतन, औषधोपचाराचा खर्च, सरकारी इतमामात अंत्यसंस्कार असं बरंच काही मिळतं. निकषांत कलागुण तर आहेतच, शिवाय राष्ट्रभावना घडवण्यात हातभार लागला का, हेही पाहतात. तिओंगसन यांनी बोट ठेवलं ते नेमकं यावर.

२००९ च्या फेरीत डॉल्फीचं नाव विचाराला आलं, पण शेवटच्या यादीपर्यंत पोचलं नाही. आणि त्याच वर्षी वेगळाच गोंधळ झाला. मंडळांनी चार नावं पाठवली होती. राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया माकापागाल-आरोयो यांनी त्यातलं एक, संगीतकार रामोन सांतोस यांचं, गाळलं आणि स्वतःच्या पसंतीची चार घातली. त्यात खुद्द संस्कृती आयोगाच्या कार्यकारी संचालिकाही होत्या. कलावंत रस्त्यावर उतरले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ऑगस्ट २००९ मध्ये स्थगिती आली. निकाल लागला जुलै २०१३ मध्ये: ती चार नावं रद्द. राष्ट्राध्यक्ष शिफारस नाकारू शकतात, प्रक्रियेला बगल देऊन नाव घुसडू शकत नाहीत.

तारखा जुळवून पाहा. जून २०१२ मध्ये डॉल्फी मकातीच्या रुग्णालयात अत्यवस्थ होता, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं साथ सोडत होती. 'जिवंतपणी द्या' म्हणून लोकांनी आवाज उठवला. सरकारने न्यायालयाच्या स्थगितीकडे बोट दाखवलं. १० जुलैला तो गेला.

काही हमखास शंका

*'विनोदी नट म्हणून डावललं.'* तसं दिसत नाही. २००९ च्या त्याच यादीत मानुएल कोंदे होते, आणि त्यांची ख्याती 'हुआन तामाद' या आळशी लोकनायकावरच्या व्यंगपटांमुळे. पण कोंदे दिग्दर्शक होते, त्यांच्या व्यंगाला राजकीय धार होती. अडचण विनोदाची नाही, कुठल्या विनोदाची हा मुद्दा आहे.

*'आता तो नाही, म्हणजे विषय संपला.'* मरणोत्तर किताब देता येतो, २०२२ मध्येही दिला गेला. नोरा औनोर यांचं नाव २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी वगळलं होतं, आठ वर्षांनी तेच लागलं. दार बंद नाही, फक्त नाव पुन्हा पहिल्या पायरीपासून न्यावं लागतं.

*'खासगी आयुष्य आड आलं असेल.'* अनेक जोडीदार आणि दत्तक धरून अठरा मुलं, हे त्याने कधी लपवलं नाही. जाहीर आक्षेप नोंदवला गेला तो भूमिकांवर.

*'राजकारणात गेला असता तर सगळं मिळालं असतं.'* फिलिपिन्समध्ये नट सिनेटर होतात, जोसेफ एस्त्रादा तर राष्ट्राध्यक्ष झाले. डॉल्फीलाही आग्रह झाला. त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे: उभं राहणं सोपं हो, पण निवडून आलो तर काय करू?

बघायचं असेल तर

क्रम महत्त्वाचा आहे. 'फासिफिका'पासून सुरुवात केली तर बहुतेक जण तिथेच थांबतील. आधी 'आंग ताताय काँग नानाय' पाहा, मग 'फासिफिका', मग 'मार्कोवा'. पहिल्या चित्रपटात कोरिंग मुलासमोर आवाज जाड करून बोलू पाहतो ते लक्षात ठेवलं, की दुसऱ्यातल्या लकबी कुठून आल्या आणि कुठे पोचल्या ते कळतं. 'जॉन एन मार्शा'चे सुटे भाग कुठूनही बघा, त्यांना क्रम नाही. भाषा येत नसली तरी सासूबाई दारात आल्या की जॉनच्या खांद्यांकडे बघा. त्या बोलायला तोंड उघडायच्या आत ते पडलेले असतात.